पेशी का मरतात हे कळत चाललंय. म्हणून आप्पांच्या गोळ्या बदलू नका

पत्र:

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सांगली जिल्ह्यात द्राक्षबाग करतात. वय ६७. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान झालं आणि लेव्होडोपाची गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. गेल्या महिन्यात माझ्या भावाने एका अमेरिकन शास्त्रज्ञाबद्दल मोबाईलवर पाहिलं: मेंदूतल्या पेशी कॅल्शियममुळे मरतात आणि बीपीची एक गोळी त्यांना वाचवू शकते. आईला बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. त्यातलीच एक गोळी तो रोज आप्पांना देऊ लागला. आप्पांना स्वतःला बीपी नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळीही बंद केली. लेव्होडोपानेच पेशी लवकर मरतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून आप्पा दुपारची गोळी टाळतात. मग सकाळी उठताना त्यांना अंधारी येऊ लागली. एकदा पडवीत पडता पडता वाचले. गावातल्या दवाखान्यातून चक्करेसाठी सिनारिझिन मिळालं, पण ते घेतल्यापासून चालणं आणखी मंदावलं आहे. आई म्हणते, बागेत इतकी वर्षं औषधं मारली, त्यांनीच घात केला. आप्पा ऐकून घेतात, काही बोलत नाहीत. मी पुण्यात असते. या पेशी नेमक्या मरतात कशाने? त्या शास्त्रज्ञाचं म्हणणं खरं आहे का? आमचं कुठे चुकलं? आणि हे आम्हा भावंडांनाही होईल का?

– आप्पांची लेक

उत्तर:

ताई,

शास्त्रज्ञाकडे येतेच, पण त्याआधी दोन गोळ्यांचं बघू, कारण ते आजच व्हायला हवं. आप्पांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा आणि अ‍ॅम्लोडिपिन व सिनारिझिन ही दोन्ही औषधं त्यांना न विचारता सुरू झाली आहेत हे स्पष्ट सांगा. कंपवात फक्त हातापायांचा आजार नाही. उठता-बसताना रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही त्यात दुबळ्या होतात, त्यामुळे माणूस उभा राहिला की दाब खाली येतो. लेव्होडोपाने तो आणखी थोडा उतरतो. अशा माणसाला, तेही बीपी नसताना, बीपीची गोळी दिली तर डोळ्यांपुढे अंधारी येण्याची शक्यता खूप वाढते. मग त्या अंधारीवर सिनारिझिन आलं. ते चक्करेवर चालतं, पण मेंदूत डोपामाइनचं, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं आणि आप्पांकडे मुळात डोपामाइनचीच टंचाई आहे, लेव्होडोपा ती भरून काढायलाच दिली आहे. सिनारिझिन आणि त्याच्याच जातीचं फ्लुनारिझिन यांच्यामुळे कंपवात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही कंपवातासारखी लक्षणं दिसू लागतात. उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीत बऱ्याचदा मिसळलेलं लेव्होसल्पिराइड हीही त्याच पंक्तीतली. ही चारही नावं मोठ्या अक्षरात लिहून आप्पांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा. गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यालाही ते पान दाखवा. डॉक्टरांनी सिनारिझिन थांबवलं की आप्पांचं मंदावलेलं चालणं बरंचसं परत येऊ शकतं, मात्र या औषधांचा असर ओसरायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तेवढा धीर धरा.

आता तुमच्या भावाच्या शास्त्रज्ञाविषयी. वर्णनावरून ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जेम्स सर्मायर असावेत, आणि त्यांचं काम मनापासून आदर करावा असं आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. कंपवातात हालचाली बिघडतात त्या मुख्यतः मध्यमेंदूतल्या 'सब्स्टान्शिया नायग्रा' नावाच्या काळसर पट्ट्यातल्या काही लाख पेशींमुळे. डोपामाइन बनवणाऱ्या या पेशी एकेक करून मरतात. अगदी शेजारी डोपामाइनच बनवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्या मात्र बऱ्याच प्रमाणात टिकतात. रसायन एक, शेजार एक, मग याच का जातात? सर्मायर यांनी हा प्रश्न कित्येक वर्षं धरून ठेवला.

त्यांना उत्तर सापडू लागलं ते या पेशींच्या कामाच्या पद्धतीत. बहुतेक चेतापेशी कुणी निरोप धाडला की बोलतात. या पेशी कुणी न सांगताच, झोपेतही, सेकंदाला दोन-चार वेळा आपणहून विजेचा ठोका देत राहतात. दर ठोक्याला पेशीच्या भिंतीतली काही दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. ते आत साठून चालत नाही, लगेच बाहेर फेकावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. शिवाय एकेका पेशीचा तंतू इतका फांद्या फोडत जातो की एका अंदाजानुसार माणसात अशा एकाच पेशीचे दहा लाखांहून जास्त जोड असतात. तुमच्या भागात कॅनॉलच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी ओढणारा, कधीच बंद न होणारा पंप असेल तर त्याच्या मोटरीची काय गत होईल, तशी या पेशींची स्थिती. ऊर्जा तयार करणारे पेशीतले मायटोकॉन्ड्रिया सतत ताणाखाली असतात आणि त्या ताणातून घातक ऑक्सिजन-रेणू तयार होत राहतात. शेजारच्या टिकून राहणाऱ्या पेशींवर कॅल्शियमचा हा भार बराच कमी असतो.

२००७ मध्ये सर्मायर यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की ती कॅल्शियमची दारं औषधाने बंद केली तर या पेशी दुसऱ्या मार्गाने ठोका देऊ लागतात आणि विषाला जास्त तोंड देतात. त्यांनी वापरलेलं औषध होतं इस्रॅडिपिन, रक्तदाबावरचं जुनं औषध. पुढे डेन्मार्कमधल्या नोंदी तपासल्यावर मेंदूत शिरू शकणाऱ्या या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कंपवात थोडा कमी आढळला. आशा वाढली. तुमच्या भावाने जे पाहिलं ते बहुधा इथवरचं असावं, आणि वडिलांसाठी जिवाचं रान करणाऱ्या मुलाला ते पाहून गोळी द्यावीशी वाटली, यात त्याला बोल लावू नका.

पण गोष्ट इथे संपली नाही. अमेरिका आणि कॅनडात कंपवाताच्या सुरुवातीच्या टप्प्यातले ३३६ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम इस्रॅडिपिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, तीन वर्षं. कोण काय घेतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. २०१९ मध्ये निकाल सांगितला गेला, २०२० मध्ये छापून आला: आजाराची गती दोन्ही गटांत सारखीच होती. इस्रॅडिपिनने काहीही मंदावलं नाही.

का, यावर अजून चर्चा चालू आहे. कदाचित मात्रा अपुरी होती, कारण ती वाढवली की रक्तदाब फार खाली जातो. कदाचित निदान होईतो बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात. सर्मायर यांचा तर्क खोटा ठरला असं या निकालावरून म्हणता येत नाही, पण आज घरात बसून वापरण्यासारखं औषध हाती आलेलं नाही हे मात्र त्यातून पक्कं ठरलं. त्यात आईंची अ‍ॅम्लोडिपिन ही इस्रॅडिपिनची सख्खी जातवाली असली तरी मेंदूत फारशी शिरतच नाही, आणि डेन्मार्कच्या नोंदींतही तिचा फायदा दिसला नव्हता. म्हणजे आप्पांना तिच्यातून मिळाली ती फक्त अंधारी.

दुधाचं आणि कॅल्शियमच्या गोळीचं तर सरळच आहे. सर्मायर ज्या कॅल्शियमबद्दल बोलतात ते पेशीच्या भिंतीतून क्षणाक्षणाला आत-बाहेर करणारं आहे. आपण खाल्लेल्या कॅल्शियमने ते ठरत नाही. रक्तातली कॅल्शियमची पातळी शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं आणि आहारात कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं. कंपवातात पडण्याची भीती कायम, आणि ६७ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय हे खेड्यात वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी परत सुरू करा. एक पथ्य मात्र पाळा: दूध, डाळी, अंडी, मटण अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर लेव्होडोपा घेतली तर ती आतड्यात नीट शोषली जात नाही. ती जेवणाच्या अर्धा तास आधी, नाहीतर तासाभराने घ्यावी. लोहाची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी.

आता फवारणीविषयी. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे: आप्पा ऐकून घेतात, काही बोलत नाहीत.

या शंकेला आधार आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक ताठरून दवाखान्यात आले, हलेनात, बोलेनात. पुढारलेल्या कंपवातासारखीच ही अवस्था, पण काही दिवसांत आलेली. विल्यम लँग्स्टन या न्यूरॉलॉजिस्टने माग काढला. त्या सर्वांनी चोरून बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं आणि त्यात एमपीटीपी नावाचं अनवधानाने तयार झालेलं रसायन होतं. मेंदूत त्याचं रूपांतर एका विषात होतं, ते विष नेमकं याच डोपामाइन पेशींत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जेची साखळी पहिल्याच कडीपाशी तोडतं. पेशी बाहेरच्या रसायनाने मरू शकतात याचा माणसातला इतका ढळढळीत पुरावा त्याआधी कुणाकडे नव्हता. पॅराक्वाट या तणनाशकाची रचना एमपीटीपीपासून बनणाऱ्या त्या विषाशी बरीच मिळतीजुळती आहे. रोटेनोन हे कीटकनाशक ऊर्जेची तीच कडी अडवतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या आणि फवारणी करणाऱ्यांच्या मोठ्या पाहणीतून असं दिसलं की या दोन्हींपैकी कुठलंही वापरलेल्यांमध्ये कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीच पट होतं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे.

अडीच पट ऐकून छातीत धस्स होतं. पण ती पट मुळात लहान असलेल्या आकड्याची आहे. तणनाशक मारणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना कंपवात कधीच होत नाही, आणि ज्यांनी आयुष्यात पंप पाठीवर घेतला नाही अशा बँकेतल्या कारकुनांना आणि शिक्षकांना तो होतो. मोठ्या गटाबद्दल जे दिसतं त्यावरून एका माणसाच्या बाबतीत, आप्पांना यामुळेच झालं, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. बहुतेकदा वय, जनुकं, बाहेरची रसायनं आणि पेशीची ती जन्मजात दमछाक हे सगळं मिळून ठरतं. शिवाय आप्पा बाग करत होते तेव्हा कृषी सेवा केंद्रातून मिळेल ते, सगळे मारतात तसं, त्यांनी मारलं. त्या बागेवर तुमचं शिक्षण झालं असणार. आईंच्या मनात राग आहे तो आजारावरचा, पण जाऊन पडतो आप्पांवर. हे तुम्ही आईंना एकट्यात सांगा आणि मग आप्पांनाही समोर बसवून सांगा. माझं नाव पुढे करायचं असेल तरी करा.

या माहितीचा खरा उपयोग तुमच्या भावासाठी आहे, कारण आता ब्लोअरवर तो बसतो. रबरी हातमोजे, अंगभर कपडे, चांगला मास्क, वाऱ्याच्या दिशेचं भान, फवारून आल्यावर लगेच अंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात हातमोजे वापरणाऱ्यांमध्ये पॅराक्वाटचा हा संबंध बराच ओसरलेला दिसला. तणासाठी पॅराक्वाट वापरत असाल तर ते सोडाच.

आमचं कुठे चुकलं, असं विचारलंय. निदानाआधीचं म्हणत असाल तर कुठेच नाही. वास कमी येणं, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं ही लक्षणं कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात. पण एवढ्यावरून कंपवात ओळखणं घरच्यांनाच काय, डॉक्टरांनाही जमत नाही. ओळखला असता तरी तो थांबवणारं औषध तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

तुम्हा भावंडांना होईल का, याचं उत्तर थोडक्यात. बहुतेक रुग्णांत हा आजार सरळ वारशाने आलेला नसतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, तरी ती शक्यता लहानच. काही कुटुंबांत मात्र एकच बिघडलेलं जनुक पुरतं. १९९७ मध्ये इटलीतल्या एका गावातून आलेल्या कुटुंबात अल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाचं जनुक सापडलं, १९९८ मध्ये जपानमध्ये पार्किन हे जनुक. हे पार्किन आणि २००४ मध्ये सापडलेलं पिंक-१ यांचं काम काय, तर बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया हेरून त्यांची विल्हेवाट लावणं. जनुकांकडून निघा, विषाकडून निघा किंवा सर्मायर यांच्या ठोक्यांकडून निघा, वाट पुन्हा ऊर्जेच्या त्याच घरात येते, आणि म्हणूनच या शोधावर माझा विश्वास आहे. तुमच्या घरात चाळिशीच्या आत कंपवात झालेलं कुणी नसेल तर जनुकांच्या तपासण्यांवर पैसे घालू नका.

आणि आता आप्पांच्या दुपारच्या गोळीबद्दल, जी मला अ‍ॅम्लोडिपिनइतकीच काळजीची वाटते. लेव्होडोपाने पेशी मरतात ही भीती कुठून आली तर काचेच्या बशीतून. प्रयोगशाळेत पेशींवर भरपूर लेव्होडोपा ओतली तर त्या मरतात, हे खरं आहे. माणसात काय होतं हे पाहण्यासाठी ३६१ रुग्णांवर चाचणी झाली, २००४ मध्ये तिचे निकाल छापले गेले. चाळीस आठवडे औषध दिल्यावर दोन आठवडे थांबवून तपासलं, तेव्हाही लेव्होडोपा घेतलेले रुग्ण बिनऔषधाच्या गटापेक्षा बरे होते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांच्या चाचणीत लवकर सुरू करणारे आणि चाळीस आठवडे उशिरा सुरू करणारे शेवटी सारख्याच ठिकाणी पोचले. औषधाने आजार मंदावला नाही, बळावलाही नाही. काही वर्षांनी अंगाची अनावर वळवळ सुरू होते म्हणून गोळी राखून ठेवावी असंही लोक सांगतात. त्याबद्दल घानामधला एक अभ्यास आहे. तिथे औषध मिळायलाच उशीर होतो, त्यामुळे रुग्ण इटलीतल्या रुग्णांपेक्षा बरीच उशिरा गोळी सुरू करतात. तरी ही वळवळ दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षी आली. आजार किती जुना आहे आणि मात्रा किती मोठी आहे यावर ती ठरते, गोळी किती वर्षं पोटात गेली यावर नाही. म्हणजे गोळी टाळून आप्पांनी दुपारची काही चांगली वर्षं नुसती गमावली असती.

दुपारची गोळी ठरल्या वेळी परत सुरू होऊ द्या, मात्रा डॉक्टरांना विचारून. ती एकाएकी पूर्ण बंद करणं तर कधीच करू नका, अंग ताठरून तीव्र ताप चढण्यापर्यंत धोका असतो. कुणी खाजकुहिलीचं बी सुचवलं असेल किंवा सुचवेल, म्हणून सांगते: त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते. त्यामुळेच ती गोळीच्या जोडीला आपल्या मनाने घ्यायची नाही, किती पोटात गेली याचा हिशोब राहत नाही.

पेशी वाचवण्यासाठी काहीतरी करायचंच असेल, आणि तुम्हा सगळ्यांना ते करायचं आहे हे पत्रातून दिसतं, तर आप्पांना चालवा. दम लागेल असं चालवा. अमेरिकेत सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२८ रुग्णांवर सहा महिने प्रयोग झाला, २०१८ मध्ये त्याचे निकाल छापले गेले. आठवड्यातून सरासरी तीनदा हृदयाचे ठोके चांगले वाढतील इतक्या जोराने ट्रेडमिलवर चालणाऱ्यांची हालचालीची लक्षणं जवळपास जागच्या जागी राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची वाढली. पेशी वाचल्या असं त्यातून म्हणता येत नाही, मोठी चाचणी व्हायला हवी. पण इतक्या कमी खर्चात इतकं देणारं दुसरं काही माझ्या ओळखीचं नाही. आधी हृदयाची तपासणी, मग सपाट रस्ता आणि बरोबर कुणीतरी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र भेटतात, कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही पुण्यात चालतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी राज्यात ठिकठिकाणी आधारगट चालवते. आप्पा तुमच्याकडे आले की एकदा घेऊन जा. तिथे त्यांना त्यांच्यासारखी माणसं भेटतील, फवारणी केलेली आणि न केलेलीही.

सर्मायर यांचं काम २०२१ मध्ये आणखी पुढे गेलं आहे. त्यांच्या गटाने उंदरांच्या डोपामाइन पेशींतली ऊर्जेची ती पहिली कडी जाणीवपूर्वक मोडली. पेशी लगेच मेल्या नाहीत. त्यांनी ऊर्जेसाठी दुसरा मार्ग धरला, तग धरली, पण काम टाकलं: आधी तंतूंची टोकं मुकी झाली, हालचाल हळूहळू नंतर बिघडत गेली. पेशी गप्प होणं आणि मरणं यांत अंतर आहे, निदान उंदरात तरी. त्या अंतरात कुणाला हात घालता आला तर उपचार तिथे सापडेल असं मला वाटतं. भावाला हे वाचून दाखवा. त्याने योग्य ठिकाणी लक्ष ठेवलंय, ते त्याने ठेवावं, पुढची चाचणी आली तर तिच्यात आप्पा बसतात का हे न्यूरॉलॉजिस्टना विचारावं.

डॉक्टरांना भेटेपर्यंत एक मोजमाप करा. आप्पांना सकाळी पाच मिनिटं आडवं राहू द्या आणि बीपी मोजा. मग उभं करा, धरून, आणि एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाने पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो कागद घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तोवर उठताना आधी खाटेच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, मग उभं राहायचं, आणि पडवीत रात्रभर दिवा चालू ठेवायचा.